आपण म्हणजे कोण

माझ्या नणंदेला शाळेतली मुलं 'कुठेबाई' म्हणतात. तोंडावर नाही, पण जिन्यात, मैदानावर, नळाशी सर्रास. ताईंना ते ठाऊक आहे आणि आवडतंही, फक्त आवडतं हे त्या कबूल करत नाहीत. नाव पडलं ते एका सवयीमुळे. मुलगा उभा राहून काहीही सांगू लागला, की त्या चष्मा कपाळावर सारतात आणि विचारतात, "कुठे?" म्हणजे, कुठे लिहिलंय ते दाखव. पान काढ, ओळ शोध, बोट ठेव. बोट ठेवता आलं नाही तर, "बस. शोधून ठेव. मी कुठे पळून जात नाही." यात राग नसतो. भाजीवाल्याकडे वजन काट्यावर दाखव म्हणावं, तितक्या सहज त्या विचारतात.

त्या सरकारी हायस्कुलात ग्रंथाभ्यास शिकवतात. विषय ऐच्छिक आहे. नववीत गेल्यावर मुलांनी चित्रकला, हिशेबनिशी आणि ग्रंथाभ्यास यांतून एक निवडायचा. ग्रंथ म्हणजे धर्मग्रंथ. आमच्या गावात निम्म्या घरांत तो कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर असतो आणि उरलेल्या निम्म्यांत नसतोच. वर असलेल्या घरांतही तो खाली किती वेळा येतो, हे फळीवरची धूळ सांगते. खात्याचा नियम मात्र एका वाक्याचा आहे: ग्रंथ शिकवावा, धर्म शिकवू नये. ज्याने हे वाक्य लिहिलं तो लिहून जेवायला निघून गेला असणार. निभावायचं आमच्या ताईंनी.

त्या ते निभावतात सर्वनामांवर. हे मला आमच्या लेकीकडून कळलं, कारण यंदा तीही त्या वर्गात आहे. (हिशेबनिशी घे म्हणून तिचे बाबा मागे लागले होते. ती म्हणाली, "तुमच्या चष्म्याच्या दुकानाचा हिशेब आईच करते, मी शिकून कुणाचा करू?" विषय संपला.) पहिल्या दिवशी ताईंनी फळ्यावर तीन शब्द लिहिले: आपण, आम्ही, ते. आणि तिन्हींवर काट मारली.

"'आपण मानतो' म्हटलं," त्या म्हणाल्या, "की जो मानत नाही तो बाकाखाली गेला. 'आम्ही मानतो' म्हटलं, की तो दाराबाहेर. आणि 'ते मानतात' म्हटलं, की जी मानते ती प्राणिसंग्रहालयात. म्हणून या खोलीत तिन्ही शब्दांना सुट्टी."

"मग काय म्हणायचं, बाई?"

"ग्रंथात म्हटलंय."

इतकंच. वर्षभर एवढ्यावर चालतं. सुरुवातीला मुलांची फार तारांबळ उडते. एक पोरगा तर पाणी प्यायला जायची परवानगी मागताना इतका गोंधळला, की म्हणाला, "बाई, ग्रंथात... म्हणजे मीच... तहान लागलीय." ताईंनी त्याला "कुठे?" विचारलं नाही, हे त्याचं नशीब.

वर्ग भरतो भूगोलाच्या खोलीत, कारण ग्रंथाभ्यासाला स्वतःची खोली नाही. भिंतीवर वाऱ्यांचे नकाशे आणि टेबलावर एका बाजूने चेपलेला पृथ्वीचा गोल. दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "बाई, तुम्ही स्वतः मानता का?" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे: "परीक्षेत येणार नाही." मलाही ते आजवर कळलेलं नाही, आणि आम्ही एका छपराखाली राहतो. खाली आमच्या ह्यांचं दुकान, मधल्या मजल्यावर आम्ही आणि सासूबाई, वरच्या खोलीत ताई. लग्न त्यांनी केलं नाही. का, असं मी लग्न होऊन आले तेव्हा विचारलं होतं. "तपासायच्या वह्या संपल्या की करीन," म्हणाल्या. वह्या काही संपल्या नाहीत.

तर गोष्ट घडली ती एका सोमवारी, जेवणाच्या टेबलावर. लेक पाव मोडता मोडता म्हणाली, "आज आत्या वर्गात 'आपण' म्हणाली."

ताईंचा चमचा ताटलीच्या कडेवर टेकला. "मी?"

"हो. कुणीतरी विचारलं, आपण म्हणजे कोण. तू म्हणालीस, आपण म्हणजे आपण, तुम्ही, मी, सगळे."

"छे."

"अगं म्हणालीस आत्या. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मला वाटलं तू मुद्दाम करतेयस, आमची परीक्षा म्हणून."

आता यात एवढं काय, असं ज्याला वाटेल त्याला त्या ओळी सांगायला हव्यात. ग्रंथात एक कथा आहे. एका राजाने एका म्हाताऱ्याला नगराबाहेर घालवलेलं असतं, का तर तो खरं बोलला. पुढे नगरात काही धड होईना. विहिरी आटल्या, माणसं अंथरुणाला खिळली. तेव्हा उतारा येतो: 'आपण त्याच्या दारी जावं. आपण वाकावं. दार आपल्यासाठी उघडं आहे.' बाकीची कथा कुणाला आठवत नाही, पण ही तीन वाक्यं न मानणाऱ्यांनाही पाठ आहेत. लोक ती मुलांना झोपवताना म्हणतात, आजाऱ्याच्या उशाशी म्हणतात. त्या म्हाताऱ्याचं दार कधी देवाचं दार झालं, ते कुणी पाहिलं नाही. चौकातल्या हार्डवेअरवाल्यांनी तर दुकानाच्या चौकटीवर 'आपण वाकावं' हे मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलंय. चौकट बुटकी आहे, त्यामुळे नवी गिऱ्हाइकं ती सूचना समजून खरोखरच वाकतात, आणि जी वाचत नाहीत ती कपाळ चोळत खिळे मागतात.

ताई जेवण टाकून वर गेल्या आणि ग्रंथ घेऊन खाली आल्या. भांडी बाजूला सारून पान उघडलं. दोन ओळी वर बोट ठेवलं.

"'तेव्हा प्रधान राजास म्हणाला,'" त्यांनी वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग खुर्चीत बसल्या. "प्रधान बोलतोय. राजाशी. राजाला कुणी 'तू' म्हणतं का? 'आपण' म्हणजे महाराज, तुम्ही. तुम्ही त्याला हाकललंत, तुम्ही जाऊन वाका." त्यांनी चष्मा काढला. "आणि मी पोरांना सांगितलं, आपण सगळे."

आमचे हे म्हणाले, "मग काय बिघडलं? आई आपल्याला लहानपणापासून हेच सांगायची."

"तेच तर बिघडलं," ताई म्हणाल्या. "तोंड माझं होतं, आवाज आईचा आला."

सासूबाई कोपऱ्यात आपल्या खुर्चीत वाटाणे सोलत होत्या. ऐंशीच्या पुढच्या आहेत, पण कान असे की दुकानातली घंटी आमच्याआधी त्यांना ऐकू येते. ताई त्यांच्याकडे वळल्या. "आई, प्रधान राजाला सांगतोय हे. तुला माहीत होतं?"

"हो मग. ते पान मी तुझ्या जन्माआधीपासून वाचतेय."

"मग आम्हाला 'आपण सगळे' असं का शिकवलंस?"

"घरात राजा कुठून आणू?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही दोघं होतात, तुम्हालाच वाकवलं."

आम्ही इतके हसलो, की वाटाण्यांचं भांडं कलंडलं. ताईही हसल्या. पण दाणे वेचताना माझ्याजवळ वाकून म्हणाल्या, "वहिनी, आईला मुभा आहे. तिच्यापुढची पोरं तिची होती. माझ्यापुढची माझी नाहीत, लोकांनी विश्वासाने पाठवलेली आहेत."

बुधवारी पुढचा तास होता. तो मी पाहिला नाही, पण लेकीने घरी येऊन दप्तरही न काढता सगळा करून दाखवला. ताई आत आल्या आणि विचारलं, "सोमवारी मी 'आपण'चा अर्थ काय सांगितला?" बाई अडचणीत येतील म्हणून कुणी बोलेना. शेवटी मागच्या बाकावरचा एक किडकिडीत मुलगा उठला, "आपण सगळे, असं म्हणालात."

"कुठे?" ताईंनी विचारलं.

मुलगा पान शोधायला लागला. तशा ताई म्हणाल्या, "तू नको शोधू. मी मलाच विचारतेय. कुठे लिहिलंय? कुठेही नाही. माझ्या घरी तसं म्हणतात, म्हणून तोंडून गेलं. चूक माझी. आता दोन ओळी वर जा, आणि कोण कुणाशी बोलतंय ते सांगा."

लेक म्हणते, असा तास कधी झाला नव्हता. कुणी म्हणे प्रधान घाबरलेला आहे म्हणून आदराने बोलतोय, कुणी म्हणे चतुर आहे, कुणी म्हणे टोमणा मारतोय. घंटा झाली तरी कुणी उठेना. फक्त हार्डवेअरवाल्यांची मुलगी तेवढी खाली मान घालून गप्प बसली होती.

मला वाटलं, मिटलं. ताईंनाही वाटलं. पण त्या किडकिडीत मुलाने सोमवारचंही घरी सांगितलं होतं. त्याची आई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिच्या घरी ग्रंथ नाही, आणि नाही हे ती लपवत नाही. मंगळवारी सकाळीच तिने मुख्याध्यापकांना गाठून तक्रार नोंदवली: सरकारी शाळेत माझ्या मुलाला देवापुढे वाकायला शिकवलं. आणि बुधवारच्या तासानंतर हार्डवेअरवाल्यांची मुलगी घरी जाऊन पाटीखाली उभी राहिली आणि वडिलांना म्हणाली, "बाबा, हे राजाला सांगितलंय. आपल्याला नाही." गुरुवारी तेही मुख्याध्यापकांच्या दारात हजर: शाळेत माझ्या मुलीची श्रद्धा मोडली.

मुख्याध्यापकांना सगळे 'मोठे सर' म्हणतात. माणूस भला आहे, पण पोटाचा हळवा. भांडण दिसलं की त्यांच्या पोटात जळजळतं. त्यांनी शनिवारी शाळा सुटल्यावर दोन्ही पालकांना बोलावलं, ताईंना बोलावलं, आणि पालक प्रतिनिधी म्हणून मलाही. प्रतिनिधी मी निवडून आलेले नाही. जूनच्या सभेला मी उशिरा पोचले, आणि तोवर बाकी सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. मी म्हटलं, सर, मी तर बाईंची भावजय. ते म्हणाले, "बसून राहा हो. चहा तरी नीट येईल."

पालक यायच्या आधी त्यांनी ताईंना खिडकीपाशी नेलं. आवाज बारीक केला, पण खोली लहान.

"बाई, नियमाखालची टीप ठाऊक आहे ना? वर्गात प्रचार झाल्याचं सिद्ध झालं, की विषय बंद. मला वरती कळवावं लागेल. मुलं हिशेबनिशीला जातील आणि तुम्ही वाचनालयात."

"माहीत आहे."

"तेव्हा सोपं करू. तुम्ही तसं बोललाच नाहीत. बुधवारी सांगितलंत तेच सोमवारीही सांगितलं होतं. मुलाच्या ऐकण्यात चूक झाली. मुलं काय, काहीही ऐकतात. माझा नातू 'राष्ट्रगीत'ला 'रात्रगीत' म्हणतो."

ताई खिडकीतून मैदानाकडे बघत राहिल्या. वाचनालय म्हणजे काय, ते मी पाहिलेलं होतं: दोन कपाटं, एक कुलूप आणि किल्ली कुणाकडे आहे याचा रोजचा शोध. ताईंच्या नोकरीची चार वर्षं उरलीत. त्यांचा सगळा जीव या एका विषयात आहे. रविवारी दुपारी वरच्या खोलीतून त्यांचा एकटीचा आवाज येतो, पुढचा तास म्हणून बघत असतात, स्वतःच मुलांचे प्रश्न विचारतात आणि स्वतःच अडतात. वाचनालयात कुणाला काय विचारणार?

लॅबवाल्या बाई आधी आल्या. सडपातळ, केस घट्ट बांधलेले, हात सारखे धुऊन कोरडे पडलेले. त्यांच्या मागोमाग हार्डवेअरवाले, दारातून सवयीने वाकून. शाळेचं दार चांगलं उंच आहे. त्यांच्या कपड्यांना रंगाचा आणि टर्पेंटाइनचा वास होता.

मोठे सर म्हणाले, "आधी कोण?"

"मी," दोघेही म्हणाले.

"बायकांना आधी," हार्डवेअरवाले म्हणाले.

"बाई म्हणून नको. तक्रार आधी माझी आहे म्हणून," लॅबवाल्या म्हणाल्या. "सर, माझं काम असं आहे, की नमुन्यात दुसरं काही मिसळलं तर रिपोर्ट खोटा येतो. मुलाने हा विषय घेतला, मी हरकत घेतली नाही. ग्रंथात काय आहे ते कळावं. पण त्यात 'आपण सगळ्यांनी वाकायचं' हे मिसळलं, तर ते शिकवणं राहिलं नाही."

"आणि मी म्हणतो," हार्डवेअरवाल्यांचा आवाज मोठा, पण स्वभाव तसा नाही, म्हणून बोलताना स्वतःच दचकत होते, "वाकू नका असं शिकवलं! माझ्या वडिलांनी रंगवून घेतलेली पाटी आहे ती. पोरगी तिच्याखाली उभी राहून मला सांगते, आपला काही संबंध नाही."

मोठ्या सरांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं. "या म्हणतात, बाईंनी धर्म शिकवला. हे म्हणतात, बुडवला. बाई एकच आहेत ना?"

"वार वेगळे आहेत," मी म्हणाले. मला बोलायचं नव्हतं, पण निघून गेलं.

"हे बघा," मोठे सर लॅबवाल्या बाईंकडे वळले आणि पोटावर हात ठेवून म्हणाले, "मला वाटतं, तुमच्या मुलाच्या ऐकण्यात थोडी..."

लॅबवाल्या बाईंचा चेहरा एकदम बंद झाला. दुकानाचं शटर ओढावं तसा. त्यांनी पर्स मांडीवर घट्ट धरली, उठायच्या तयारीत.

"नाही सर," ताई म्हणाल्या. "मुलाने बरोबर ऐकलं. मी म्हणाले."

मोठ्या सरांनी डोळे मिटले.

"मी म्हणाले, आपण म्हणजे सगळे. माझ्या आईची सवय. ग्रंथात तसं नाही. ग्रंथात प्रधान राजाला सांगतोय, तुम्ही जा, तुम्ही वाका. बुधवारी मी मुलांपुढे ते दुरुस्त केलं. पण सोमवारी चूक झाली ती झाली. तुमचा मुलगा खोटं बोलला नाही, आणि त्याला ऐकायलाही कमी येत नाही."

लॅबवाल्या बाई ताईंकडे बघत राहिल्या. मग पर्स त्यांनी खाली ठेवली. "मी घरून ठरवून आले होते," त्या सावकाश म्हणाल्या, "की माझ्या मुलाला खोटं पाडतील, तेव्हा काय बोलायचं. ते सगळं आता वाया गेलं."

"दुसऱ्या कुठल्या शाळेत कामी येईल ते," मोठे सर कळवळून म्हणाले.

"थांबा थांबा," हार्डवेअरवाले पुढे सरकले. "म्हणजे माझी पाटी चूक? वडील चूक?"

"मी असं कशाला म्हणेन?" ताई म्हणाल्या. "पाटी तुमच्या दुकानावर आहे. तिथे 'आपण' म्हणजे कोण, हे तुम्ही ठरवायचं. माझ्या आईने आमच्या घरी ठरवलं होतं, तसं. तुम्ही स्वतःला त्यात धरलंत, वाकलात, कुणाची हरकत आहे? फक्त माझ्या वर्गात ते मी ठरवायचं नाही, तुम्हीही नाही. तिथे बोलणारा प्रधान आणि ऐकणारा राजा."

हार्डवेअरवाले विचारात पडले. त्यांनी टेबलाची कड अंगठ्याने घासली. रंगाचा जुना डाग दिसला की त्यांचा हात आपोआप जातो, असं त्यांची बायको सांगते. मग त्यांनी विचारलं, "मग राजा गेला का?"

"काय?"

"म्हाताऱ्याकडे. राजा गेला का वाकायला? पाटीवर तेवढंच आहे. पुढचं मला ठाऊक नाही."

ताई तोंड उघडणार तेवढ्यात लॅबवाल्या बाई म्हणाल्या, "नाही गेला. त्याने प्रधानालाच पाठवलं."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो.

"वाचलं मी," त्या थोड्या ओशाळून म्हणाल्या. "तक्रार करायची तर वाचायला नको? मुलाने शाळेतून आणलेलाच ग्रंथ घेतला, रात्री वाचला."

"प्रधानाला पाठवलं?" हार्डवेअरवाले म्हणाले. "आणि दार?"

"उघडं होतं. प्रधान आत गेला, वाकला. म्हाताऱ्याने विचारलं, ज्याला यायचं होतं तो कुठे आहे?"

"मग?"

"मग प्रधान तिथेच राहिला. परत गेला नाही."

हार्डवेअरवाले खुर्चीत मागे टेकले. मोठा आवाज पार गेला होता. "बिचारा," ते म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही. "पोरीनं हे नाही सांगितलं."

"तिथवर अजून पोचलो नाही," ताई म्हणाल्या. "घंटा झाली."

"पण त्याने परत जायला हवं होतं," लॅबवाल्या म्हणाल्या. "राजाला कळलं कसं असेल, दार उघडं होतं म्हणून? निरोप अर्धाच राहिला."

"परत कसा जाईल हो? वाकल्यावर माणूस परत जातो का?"

"का नाही जात? काम सांगितलं होतं त्याला."

"तुमचं ते लॅबचं. रिपोर्ट नेऊन दिलाच पाहिजे!"

"आणि तुमचं? माल उचलला, गिऱ्हाईक मोकळं!"

चहा आला तेव्हा दोघं एकमेकांकडे खुर्च्या वळवून बसले होते आणि मोठे सर माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्यापुढे कप सरकवला. ताई एक शब्द बोलत नव्हत्या. वर्गात वाद रंगला की त्या अशाच बसतात म्हणे, हात मांडीवर, नजर बोलणाऱ्यावर. फक्त एकदा त्यांनी हार्डवेअरवाल्यांना "हे कुठे म्हटलंय?" विचारलं, आणि ते "नाही, ते माझं मत" म्हणून निमूट मागे आले.

शेवटी मोठ्या सरांनी टेबलावर पेन आपटलं. "तक्रारींचं काय करू ते सांगा. मागे घेताय?"

"नाही," लॅबवाल्या म्हणाल्या. "माझी तक्रार खरी आहे. बाईच हो म्हणाल्या, मग मागे कशी घेऊ? राहू दे कागदावर. पण वर्ग बंद करा, असं मी म्हटलेलं नाही. नियमाखाली प्रचार म्हटलाय. चूक झाली आणि मुलांपुढे स्वतःच सांगितली, त्याला प्रचार म्हणत नाहीत. तसं लिहा."

"आणि तुमची?"

"माझीही राहू दे," हार्डवेअरवाले म्हणाले. "यांची एकीकडे, माझी दुसरीकडे. दोन्ही पारड्यांत सारखं वजन असलं की काटा मधे राहतो. वरच्या साहेबांना काय ते बघू दे." मग घुटमळत म्हणाले, "फक्त एक विनंती. मला मागच्या बाकावर बसू द्याल का? एखाददुसऱ्या तासाला. पुढची गोष्ट ऐकायला."

"तुमची मुलगी तुम्हाला घरात घेणार नाही," मी म्हणाले.

"दुकानात झोपेन."

मोठे सर लिहायला लागले. वर काय कळवलं ते आम्हाला वाचून दाखवलं: चूक झाली, शिक्षिकेने स्वतः दुरुस्त केली, विषय चालू ठेवण्यास हरकत दिसत नाही, पालकांना पूर्वसूचना देऊन तासाला बसता येईल. तीन आठवड्यांनी वरून उत्तर आलं: 'नोंद घेतली.' खात्याच्या भाषेत याहून गोड काही नसतं. मोठ्या सरांनी ते ताईंना दाखवलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षीही घ्या हा विषय. पण ते दोघं पुन्हा माझ्या खोलीत नकोत. माझी औषधं संपली त्या दिवशी."

हार्डवेअरवाले ते उत्तर यायच्या आधीच, पुढच्या तासाला येऊन बसले होते. बाक लहान पडला, गुडघे बाहेर. त्यांची मुलगी तासभर वाऱ्यांच्या नकाशाकडे बघत होती. प्रधान तिथेच राहतो, हा भाग ताईंनी वाचला तेव्हा सगळा वर्ग त्यावर तुटून पडला, अर्धे प्रधानाच्या बाजूने, अर्धे विरुद्ध, आणि हार्डवेअरवाल्यांनी दोनदा हात वर केला. दोन्ही वेळा ताईंनी त्यांना बोलू दिलं नाही. "मुलांचं झालं की," म्हणाल्या. मुलांचं संपलंच नाही.

त्या रविवारी दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले, तर वरच्या खोलीचं दार सताड उघडं. ताई पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या, बाहीला खडू, समोर ग्रंथ, हातात पेन्सिल.

"पुढे काय आहे?" मी विचारलं.

"वंशावळ," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं पाहुणे येणार आहेत. "नुसती नावं. हा याचा मुलगा, तो त्याचा मुलगा, दीड पान. मेलेली नावं. पोरं जांभया देतील, खिडकीबाहेर बघतील, मला शिव्या घालतील."

"मग त्यात एवढं खूश होण्यासारखं काय आहे?"

"ऐक." त्यांनी पान माझ्याकडे फिरवलं आणि पेन्सिलीचं टोक एका जागी ठेवलं. "इतकी सगळी नावं बापांची. आणि मधेच, काहीही कारण नसताना, एका मुलीचं. मग पुन्हा बाप. ही कोण? हिलाच का घेतलं? माझ्याकडे उत्तर नाही, वहिनी. गेली कित्येक वर्षं नाही. कदाचित यंदा कुणाला तरी दिसेल."

त्या पुन्हा पानात वाकल्या. मी ओले कपडे खांद्यावर घेऊन उन्हात तशीच उभी होते, आणि आतून त्यांचा आवाज येत होता, एक एक नाव ठेक्यात, मधेच थांबून, मुलांनी जिथे जांभई द्यावी तिथे जागा सोडून.